टोचनची गाडी आणि क्राउनचे एक्केचाळीस दात

घाटात कुठे ट्रक बंद पडला की चाळीसगावहून टोचनची गाडी, म्हणजे बंद गाडी ओढून नेणारी गाडी, निघते. जाताना ती रिकामी असते. परतताना तिच्या मागे केळीने भरलेला अख्खा ट्रक असतो. एकाच फेरीत तिला सपाटीवर पळायचंही असतं आणि घाटात ओढायचंही. म्हणून आमच्याकडच्या गॅरेजात एक तक्रार नेहमी ऐकू येते, "गाडी वढस मस्त, पन पयत नही" (ओढते मस्त, पण पळत नाही). त्यावर एक म्हणतो क्राउन-पिनियन बदल, दुसरा म्हणतो ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसव. सल्ले दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

मागच्या चाकांना जोडणाऱ्या हौजिंगच्या फुगीर गोळ्यात एक मोठं चक्र असतं, क्राउन. त्याला फिरवणारा छोटा दातेरी तुकडा म्हणजे पिनियन. क्राउनचे दात 41 आणि पिनियनचे 7 असतील, तर चाकं एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून पिनियनपर्यंत येणाऱ्या शाफ्टला 5.86 फेरे घ्यावे लागतात. हे हौजिंग न उघडताही मोजता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची, पुढच्या चाकांना नीट उटी (अडवणारा ठोकळा) लावायची, मागची एकच बाजू जॅकवर उचलायची आणि शाफ्टवर खडूची रेघ मारायची. उचललेलं चाक दोनदा फिरवलं की क्राउन एकदा फिरतो, कारण दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं. तेवढ्यात खडूची रेघ सहा फेऱ्यांना जराशी कमी पडते. क्राउन 41 आणि पिनियन 6 असेल, तर ती सात फेऱ्यांना थोडी कमी पडते. 41 ला 7 नेही भाग जात नाही आणि 6 नेही नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, म्हणून बदलायचे तर जोडीनेच बदलावे.

आता हिशोब करू. 10.00-20 मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर जातो. ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला 312 वेळा फिरतं. टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे शाफ्ट इंजिनाइतकाच फिरत असेल, तर 41/7 वर इंजिन 1,830 फेऱ्यांवर चालतं आणि 41/6 वर 2,130 वर. चाकावर सतरा टक्के जास्त जोर मिळतो खरा, पण धुळे-जळगाव रस्त्यावर इंजिन दिवसभर ओरडत राहतं.

ओव्हरड्राइव्ह इथे कामाला येतो. या गिअरमध्ये गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो. गुणोत्तर 0.8 धरलं, तर 2,130 चे 1,700 होतात. फेरे कमी झाले की इंजिनाच्या आतलं घर्षण कमी होतं आणि डिझेल वाचतं. माझं स्पष्ट मत आहे, टोचनच्या गाडीला जड क्राउन (म्हणजे 41/6 सारखा) आणि ओव्हरड्राइव्ह ही जोडी शोभते. मात्र मागे ट्रक बांधला की ओव्हरड्राइव्ह विसरायचा. सरळ टॉपमध्ये ताकद मेन शाफ्टमधून थेट जाते. ओव्हरड्राइव्हमध्ये ती दातांच्या दोन जोड्यांतून वळसा घेते, तिथे तेल तापतं, आणि कमी फेऱ्यांवर दाबलेलं इंजिनही तापतं.

यातून इंजिनाची ताकद मात्र वाढत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. दोन्ही गाड्यांचं मिळून वजन 20 टन आणि चढ शंभर मीटरला सहा मीटर धरला, तर चाकांचा रोध धरून सुमारे 1,400 किलो वजनाइतकी ओढ लागते. ताशी 20 च्या वेगाला त्यासाठी चाकावर 103 अश्वशक्ती पोचावी लागते, 40 ला दुप्पट. 130 अश्वशक्तीच्या इंजिनाला कुठलाही क्राउन लावला, तरी त्या चढावर 40 मिळणार नाही. जड क्राउनने चढावर गाडी उचलणं सोपं होतं, क्लच जळत नाही.

उतरताना तर खालचाच गिअर हवा. त्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि गाडीला मागे धरतं, ब्रेकचे लायनर तापून निकामी होत नाहीत. ओव्हरड्राइव्हमध्ये ही धरून ठेवण्याची ताकद सगळ्यात कमी असते.

मागच्या ट्रकचं एक काम निघण्याआधी करावंच लागतं. क्लीनर खाली सरपटत जाऊन त्याचा जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्स आणि पिनियन जोडणारा शाफ्ट, सोडवतो. इंजिन बंद असल्याने त्या गिअरबॉक्समध्ये तेल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो. जॉइंट शाफ्ट तसाच ठेवला आणि चाकांनी वरचा शाफ्ट मात्र फिरत राहिला, तर तो कोरडाच घासतो आणि बेअरिंग जातात.

41/7 काढून 41/6 बसवला, तर गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटरही चुकतो. गाडी 60 ने पळत असताना काटा 70 वर असतो, आणि किलोमीटरही तितकेच फुगून पडतात. डिझेलचं ॲव्हरेज काढताना हे वजा केलं नाही, तर नवा क्राउन फार किफायतशीर वाटतो.