अंड्याच्या कवचांनी गोगलगाई अडतात का?

‘रोपाभोवती अंड्याच्या कवचांचा चुरा पसरा, टोकं बोचतात म्हणून गोगलगाय आत येत नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो. पण गोगलगाय सरकते ती स्वतःच्या चिकट स्रावाच्या थरावरून. ब्लेडची धारही ती सहज ओलांडते.

पडताळायचं असेल तर संध्याकाळी ओल्या मातीवर चुऱ्याचं २ इंच रुंद कडं करा, मधे कोबीचं पान ठेवा. रात्री टॉर्च मारून बघा: चुऱ्यावर चकचकीत रेघ, पानाला भोकं.

त्यापेक्षा वाफ्यालगत भिजवलेलं गोणपाट अंथरा. सकाळी उलटलं की खाली लपलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचता येतात. त्यांच्यावर वाफ्यातच मीठ टाकू नका, मुळं करपतात. पाणीही सकाळीच घाला.