भग व योनीची दैनंदिन निगा

स्त्रीच्या जननेंद्रियांची रोजची स्वच्छता, तिथल्या त्वचेची काळजी आणि त्या भागातील बदलांवर ठेवलेले लक्ष या सर्वांचा या निगेत समावेश होतो. बोलताना ‘खालची जागा’ म्हणून सगळे एकाच शब्दात उरकले जाते आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. भग म्हणजे बाहेरून दिसणारा भाग : मोठे व लहान भगोष्ठ (त्वचेच्या ओठांसारख्या घड्या), शिश्निका (क्लिटोरिस), मूत्रद्वार आणि योनीचे तोंड. योनी ही तिथून आत गर्भाशयमुखापर्यंत जाणारी स्नायूंची नळी. भग धुवायचे असते, योनी धुवायची नसते.

योनीची सफाई शरीर स्वतःच करते. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन हा साखरेचा साठा जमू लागतो. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले. प्रजननक्षम वयात योनीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि एवढ्या आंबट वातावरणात बरेचसे रोगजंतू तग धरत नाहीत. नेहमीच्या साबणाचा पीएच मात्र ९ ते १० च्या घरात असतो. आत पाण्याची धार मारणे किंवा जंतुनाशक वापरणे म्हणजे हे राखणदार जिवाणूच वाहून घालवणे. वास जावा म्हणून आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये वास येणारा जिवाणूसंसर्ग अधिक आढळतो, हे फार स्त्रियांना कोणी सांगतच नाही.

बाहेरची निगा अंघोळीतच होते. बोटांनी भगोष्ठ अलगद बाजूला करून मधल्या घड्या आणि शिश्निकेभोवतीची त्वचा कोमट पाण्याने दिवसातून एकदा धुवावी. घडीत साचलेला पांढरट थर गळालेल्या पेशींचा व तेलकट स्रावाचा असतो. तो बोटानेच निघतो, घासणी किंवा खरखरीत कापड लागत नाही. साबण हवाच असेल तर सौम्य, बिनवासाचा, आणि तोही फक्त बाहेरून. मग टॉवेलने टिपावे, चोळू नये. शौचानंतर पुढून मागे पुसावे, म्हणजे आतड्यातले जंतू मूत्रद्वाराकडे येत नाहीत. सुती अंतर्वस्त्रे बरी; घामाचे किंवा पोहण्याचे ओले कपडे लगेच बदलावेत. सुगंधी पुसणी, फवारे आणि पावडरी यांची गरज नसते. त्यांनी उलट त्वचा चुरचुरते. केस काढणेही आरोग्यासाठी आवश्यक नाही. ब्लेडने बारीक जखमा होतात आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

पाळीच्या दिवसांत पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे. टॅम्पॉन (योनीत ठेवायचा शोषक बोळा) आठ तासांपेक्षा आणि पाळीचा कप बारा तासांपेक्षा जास्त वेळ आत ठेवू नये.

‘अंगावरून पांढरे जाते’ ही अनेकींची धास्ती असते. बहुतेक वेळा तो निरोगी स्राव असतो. बीजमोचनाच्या (अंडाशयातून बीज सुटण्याच्या) सुमारास तो पारदर्शक आणि तार निघेल असा होतो, नंतर दाट व पांढुरका. गडद चड्डीवर मधोमध पडणारा फिकट, रंग उडालेला पट्टा स्रावातल्या लॅक्टिक आम्लामुळेच पडतो. तो बघून कोणत्याही मुलीने स्वतःला अस्वच्छ समजू नये.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ व कोरडे होते, पीएच वाढतो. जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणे, वारंवार मूत्रसंसर्ग या तक्रारी त्यातून येतात. ‘वय झाले’ म्हणून त्या सोसण्याचे कारण नाही : योनीसाठीचे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत वापरायचे इस्ट्रोजेन यांचा चांगला उपयोग होतो.

महिन्यातून एकदा हातआरसा धरून भग पाहावे. भगोष्ठ लहानमोठे, असमान, गडद असणे स्वाभाविक आहे; आपले नेहमीचे रूप माहीत असले की बदल चटकन कळतो. गुठळ्यांसारखा स्राव व खाज, मासळीसारखा वास, हिरवट स्राव, पाळीव्यतिरिक्त रक्त, न भरणारा व्रण किंवा गाठ दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. रात्री झोपमोड करणारी खाज आणि पांढरे, चुरगळल्यासारखे चट्टे हे लायकेन स्क्लेरोसस या दीर्घकाळ चालणाऱ्या त्वचाविकाराचे लक्षण असू शकते. बुरशी समजून त्यावर अनेकदा नुसती मलमे बदलली जातात. योग्य स्टेरॉइड मलमाने तो आटोक्यात राहतो. दुर्लक्ष झाल्यास भगोष्ठ चिकटतात आणि भगाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.