पाळणाघर आणि बालविकास

आईवडील कामावर गेल्यावर लहान मुलांना दिवसभर सांभाळणारी व्यवस्था म्हणजे पाळणाघर. महाराष्ट्रातील शहरांत ते पुष्कळदा एखाद्या काकूंच्या राहत्या घरातच चालते.

तान्हेपणी आईपासून दूर राहिल्याने मुलाचे तिच्याशी असलेले नाते कच्चे राहते का, हा जुना वाद आहे. त्याचा सर्वांत कसून शोध अमेरिकेत घेतला गेला. तेथे १९९१ मध्ये १० ठिकाणची १,३६४ बाळे निवडून पुढे १५ वर्षांची होईपर्यंत त्यांची पाहणी झाली. केवळ पाळणाघरात राहिल्याने आईशी असलेले नाते बिघडत नाही, असे दिसले. आईची माया तुटपुंजी आणि त्यात पाळणाघरही निकृष्ट, असे घडले की मात्र धोका वाढतो. चांगल्या पाळणाघरातील मुलांची भाषा आणि आकलन थोडे सरस ठरले. फार तास राहणाऱ्या मुलांत हट्ट आणि मारकुटेपणा किंचित अधिक आढळला. घरच्या वातावरणाचा प्रभाव या सगळ्याहून मोठा होता.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला अवघ्या ५ डॉलरांत पाळणाघर देऊ केले. मागणी एकदम वाढली, दर्जा मात्र अनेक ठिकाणी बेताचाच राहिला. पुढील अभ्यासात तेथील मुलांत चिंता आणि आक्रमकता वाढल्याचे आढळले. स्वस्ताईइतकीच दर्जाचीही काळजी घ्यायला हवी होती.

दर्जा म्हणजे रंगवलेल्या भिंती वा महागडी खेळणी नव्हेत. बाळ रडले की उचलून घेणारे, त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर देणारे आणि महिनोन्‌महिने तेच राहणारे माणूस, हा त्याचा गाभा. वर्षाखालील मुलांसाठी एका व्यक्तीमागे तीनच बाळे असावीत, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. तुटपुंज्या पगारामुळे सांभाळणाऱ्या बाया वारंवार सोडून जातात, तेव्हा त्याची झळ मुलांनाच लागते.

भारतात २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. तसेच ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा बंधनकारक झाली. रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचे असते. अनोळखी माणसाला बुजण्याचे वय त्यानंतर लगेच सुरू होते. म्हणून सुरुवातीला तासभर, मग अर्धा दिवस, असे रुळवणे फार मोलाचे. बांधकामावरच्या मजूर बायांना मात्र अशी रजा क्वचितच मिळते. त्यांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ म्हणजे फिरत्या पाळणाघरांचे काम सुरू केले आणि काही वर्षांतच ते काम मुंबईतही पोहोचले.