डेस्कटॉप पीसीसाठी वॉटर कूलिंग लूपची आखणी

वॉटर कूलिंग लूप म्हणजे प्रोसेसर (सीपीयू) आणि ग्राफिक्स कार्डची (जीपीयू) उष्णता पाण्याने उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथून फॅनने बाहेर काढायची, अशी पीसीच्या आतली बंद फिरती लाइन. पार्ट मोजकेच असतात: वॉटर ब्लॉक म्हणजे चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा, पंप, रिझर्व्हॉयर म्हणजे छोटी टाकी, रेडिएटर, ट्यूब आणि फिटिंग. सगळं जोडून तयार मिळणारा सीलबंद एआयओ कूलर बसवला की काम झालं, पण कस्टम लूपमध्ये सगळं आपणच निवडतो, म्हणून आधी कागदावर आखणी पाहिजेच.

नाशिकमध्ये लूप मे महिना डोळ्यासमोर ठेवून आखायचा. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, आणि मेमध्ये बाहेर ३८-४० असताना गच्चीखालची खोली सहज ३५ अंशांवर जाते, मग लोडवर पाणी खोलीपेक्षा १० अंश वर धरलं तर पाणीच ४५ झालं आणि चिप त्याच्याही वर. हिवाळ्यात निफाडला पारा घसरतो त्या आठवड्यात तोच लूप ३० अंश दाखवतो आणि वाटतं काय भारी जमलंय, पण त्यावरून काही ठरवू नका. प्रत्येक गरम पार्टला १२० मिमी रेडिएटर आणि वर एक १२० जास्त, असा ढोबळ हिशोब सगळीकडे सांगतात, म्हणजे सीपीयू आणि जीपीयू मिळून ३६०. आपल्याकडे केसमध्ये जागा असेल तर अजून एक २४० लावाच, फॅन पण हळू आणि शांत फिरतात. जागा मोजताना ३० मिमीचा रेडिएटर अधिक २५ मिमीचा फॅन असे ५५ मिमी धरायचे, नाहीतर तो रॅमला अडतो.

आधी सीपीयू की आधी जीपीयू यावर लोक उगाच डोकं शिणवतात. ३०० वॉट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी असेल तर एका फेरीत पाणी जेमतेम १ अंशाने तापतं, त्यामुळे ट्यूब जिथून सरळ आणि कमी वळणांची जाईल तोच क्रम बरोबर.

एक क्रम मात्र पक्का, टाकी पंपाच्या आधी आणि वर. विहिरीवरच्या मोटरने एअर धरली की काय होतं ते द्राक्षबागेवाल्यांना सांगायला नको, इथेही तसंच, फक्त हा पंप पाण्यावरच वंगण घेतो, कोरडा फिरला की बेअरिंग गेलं.

पाणी नळाचं नको, बोअरचं तर अजिबात नको, किटलीत बसतो तसला पांढरा थर ब्लॉकच्या बारीक फटींमध्ये बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ रोखणारं बायोसाइड, किंवा पीसीसाठीचं तयार कूलंट घ्यावं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सीएनसी मशीनवर धातू कापताना वापरतात ते दुधासारखं कूलंट वेगळं, ते यात घालायचं नाही. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीच लावू नका, एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम गंजून खलास होतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी सॉफ्ट ट्यूबच घ्यावी, १०/१६ मिमीची जाड भिंतीची, ती वळणावर सहज मुडपत नाही. सगळ्यात खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह ठेवायचाच. तो नसला की पुढच्या वर्षी पाणी बदलताना मदरबोर्डवर फडकं धरून फिटिंग सोडावं लागतं, आणि त्या वेळी हात खरंच थरथरतात.

भरताना फक्त पंपाला करंट द्यायचा, बाकी पीसीच्या सगळ्या पॉवर केबल काढलेल्या, पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगवर हिरवी आणि काळी वायर जोडून. पंप थोडा थोडा चालवायचा, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, केस इकडे तिकडे कलती करून बुडबुडे काढायचे. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू गुंडाळून २४ तास पंप चालू ठेवायचा. या काळात टाकीतली पातळी थोडी उतरते, ती बहुतेक आत अडकलेली हवा निघाल्यामुळे, तेवढं पाणी वरून घालायचं. टिश्यू मात्र हाताला कोरडा लागला पाहिजे.