खाली कापूस, वर दारूगोळा

मुंबईच्या गोदीतला १९४४चा स्फोट म्हटला की पहिली आठवते ती आकाशातून पडलेली सोन्याची वीट. ज्या जहाजातून ती उडाली त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

‘फोर्ट स्टिकिन’ १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रुपर्टला बांधलं गेलं. जर्मन पाणबुड्या एकामागून एक मालवाहू जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे ब्रिटनला हवी होती झटपट बांधून होणारी जहाजं. सन्डरलंडमधल्या एका ब्रिटिश आराखड्यावरून कॅनडाने अशी जहाजं धडाक्यात बांधली. अमेरिकेची प्रसिद्ध ‘लिबर्टी’ जहाजं त्यांचीच भावंडं. फक्त ती वेल्डिंगने जोडलेली, तर ही रिव्हेट ठोकून. इंजिन तेव्हाही जुनाटच वाटावं असं: बॉयलरची वाफ एकापाठोपाठ तीन सिलिंडरांतून न्यायची आणि तिच्यातला शेवटचा जोरही पिळून घ्यायचा. वेग ताशी जेमतेम ११ सागरी मैल, पण साध्या कारखान्यातही हे इंजिन बनायचं.

२४ फेब्रुवारी १९४४ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सुटी केलेली विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत रुईच्या हजारो गाठी भरल्या. कप्तानाला हे मुळीच पसंत नव्हतं, पण युद्धात रिकामी जागा परवडत नसे.

खरी मेख होती दोन नंबरच्या कोठीत, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात. तळाला कापूस, वरच्या मजल्यावर स्फोटकं.

कापूस विचित्र जळतो. दाबून बांधलेल्या गाठीतही तंतूंच्या मधे हवा अडकून राहते. वरून विझल्यासारखी दिसणारी गाठ आतून कित्येक दिवस धुमसू शकते. जहाज मुंबईला पोचलं. १४ एप्रिलला दुपारी इथल्या व्हिक्टोरिया गोदीत त्यातून धूर दिसला आणि बंबवाल्यांनी पाण्याचा मारा सुरू केला. कोठीत ९०० टनांहून जास्त पाणी गेलं. पण दाबलेली गाठसुद्धा पाण्यापेक्षा हलकी! पाणी चढलं तशा जळत्या गाठी तरंगत वर आल्या, थेट स्फोटकांखाली. आग विझवायला ओतलेल्या पाण्यानेच ती उचलून दारूगोळ्यापाशी नेली. बाहेरून पत्रा इतका तापला की रंगाला फोड आले. निखारा नेमका कुठे आहे, हे त्यावरून कळत होतं. पण पत्रा कापून तिथवर पोचणं जमलं नाही.

४ वाजून ६ मिनिटांनी जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. मृतांचा आकडा आजही ८०० ते १,३०० असा सैलच सांगतात. अग्निशमन दलाच्या ६६ जणांची नोंद मात्र पक्की आहे. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळात सापडत राहिल्या.