हात बांधायचा किती, हलवायचा कधी

आंब्याच्या हंगामात रत्नागिरी-देवगडच्या बागांतून झाडावरून पडलेले गडी दवाखान्यात येतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरलेल्या बायका येतात, बहुतेक साठीच्या पुढच्या. दोघांचंही एकच होतं: पडताना हात टेकला आणि मनगट गेलं. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचं वर्णन केलं. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. म्हणजे त्याच्या ८१ वर्षं आधी, नुसतं बघून आणि चाचपून. चाचपण्याची ती शिस्त आजही सुटलेली नाही. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगी पडते. तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलंय असं धरून चालतात आणि दहा-चौदा दिवसांनी परत फोटो काढतात.

कोकणात त्या काळी, आणि पुढेही कित्येक वर्षं, आधार होता हाडवैद्याचा. लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. हाड बसवण्याचं कसब त्यांतल्या कित्येकांच्या बोटांत होतं, ते नाकारण्यात मला शहाणपण दिसत नाही. घात व्हायचा तो आवळण्याने. आत सूज चढते, रक्त अडतं, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकसतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी हे १८८१ मध्येच मांडलं होतं. (आजही बांधल्यानंतर बोटं सरळ करताना असह्य कळ आली किंवा ती बधिर झाली, तर पट्टी असो की प्लास्टर, लगेच सोडवून घ्यावं. सकाळच्या एसटीची वाट पाहू नये.)

बांधलेला हात पुन्हा कामाला लावण्याचं शास्त्र आपल्याकडे रुजलं ते परळला. केईएम रुग्णालय १९२६ पासून गिरणगावात उभं आहे, आणि गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. तिथे १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) शिक्षण सुरू केलं. ती आशियातली पहिली शाळा मानली जाते. पाठोपाठ, पोलिओच्या साथीने लुळी पडलेली मुलं समोर असताना, फिजिओथेरपीची शाळा आली. त्याच सुमारास वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या आकसलेल्या बोटांना धड स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) जोडत होते. पण जोडलेला स्नायू नवं काम आपोआप शिकत नाही, ते फिजिओथेरपिस्टला शिकवावं लागतं. खरा उपचार शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत असतो ही समज, मला वाटतं, आपल्या देशात तिथे पक्की झाली.

नारळ सोलताना कोयती निसटली की लोक 'शीर तुटली' म्हणतात. ती शीर पुष्कळदा टेंडन असते. तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्याला अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' (कुणी पाऊल टाकू नये असा मुलूख) म्हटलं, कारण तिथे शिवलेला टेंडन आजूबाजूला चिकटून बसायचा. १९६०च्या दशकात शल्यविशारद हॅरल्ड क्लायनर्ट यांनी वेगळी वाट धरली. नखाला रबर बँड बांधायचा, त्याने बोट आपोआप मिटतं, आणि रुग्णाने ते आधारपट्टीच्या मर्यादेत स्वतः उघडायचं. शिवणीवर ताण येत नाही आणि टेंडन सरकता राहतो.

खांद्याचं दुखणं याहून चिवट. 'फ्रोझन शोल्डर' (आखडलेला खांदा) हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केलं. कमरेत वाकून, हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवण्याचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधुमेह असलेल्यांत खांदा जास्त आखडतो. दुसरं कारण मात्र आपण हाताने ओढवून घेतो: मनगटाला प्लास्टर आणि हात गळ्यात. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं, हाड जुळलेलं असतं, आणि बाई वेणी घालायला हात वर नेते तर तो कानापर्यंतही जात नाही. तेवढे आठवडे रोज तीन-चार वेळा खांदा वर न्यायचा आणि बोटं मिटायची-उघडायची, एवढं तिला प्लास्टर घालताना कुणी सांगितलेलंच नसतं.