तळ्यात कसली लाट, मग जॅकेट कशाला?

सोलापुरात पॅडल बोटीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लाइफ जॅकेट समुद्रात लागतं ओ, तळ्यात कशाला?" कंबर तलाव असो की सिद्धेश्वर, पाणी आरशासारखं दिसतं, म्हणून ते पटतंही. पण हिशेब उलटा आहे.

समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १०२५ ग्रॅम भरतं, तळ्याचं १०००. पाणी जितकं जड तितकं ते माणसाला वर उचलतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला तळ्यात सुमारे दीड किलो आधार कमीच मिळतो. डोकं पाण्याबाहेर ठेवायला मोठ्या माणसाला तीन ते पाच किलोच जादा आधार पुरतो. त्यातला दीड किलो म्हणजे थोडाथोडका नव्हे.

पॅडल बोट रुंद असते, सहसा उलटत नाही, हे खरं. पण फोटोसाठी चौघं एकाच कडेला उभे राहिले की भार तिकडे सरकतो, ती कड पाण्याला टेकते आणि रुंदीचा उपयोग संपतो. बसून पॅडल मारा, फोटो काठावर काढा.

"मला पोहता येतं" हेही ऐकतो. विहिरीत चड्डीवर पोहणं वेगळं, जीन्स-बुटांसकट अचानक पाण्यात पडणं वेगळं. शिवाय पायाला शेवाळ गुंडाळतं, तळाशी गाळ.

आणि जॅकेट नुसतं अडकवून बकल मोकळं ठेवणारे तर बहाद्दरच! पाण्यात पडलं की ते वर सरकून कानाशी येतं, किंवा डोक्यावरून निघूनच जातं. बकल लावून खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं, तर सैल आहे.